गितलने शिवलेला झगा

बातमी कळली तेव्हा मी बुखारेस्टला एका मंत्र्याच्या बाहेरच्या खोलीत बसलो होतो. शुक्रवार होता. या मंत्र्याच्या खात्याने माझ्या पेढीकडून पूर्वी कर्ज घेतलं होतं. तेव्हा मला आत बोलावून मऊ खुर्ची दिली होती, कॉफी दिली होती. या वेळी मी आम्हा ज्यू लोकांच्या शपथेबद्दल बोलायला आलो होतो, म्हणून बाहेर बाकावर. शिपाई आला तेव्हा वाटलं, आता आत बोलावणं आलं. त्याच्या हातात तार होती. माझ्या हॉटेलवर आली होती, तिथल्या माणसाने ती तशीच इकडे पाठवली होती.

तारेत लिहिलं होतं की गितल सकाळी गेली, माती आजच, शब्बाथच्या आधी. खाली ब्रानामावशीचं नाव.

गितल म्हणजे माझी बायको.

मी उठलो आणि जिना उतरलो. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की अर्जाची पिशवी वर बाकावरच राहिली. परत गेलो नाही.

आमच्यात मेलेल्या माणसाला ताटकळत ठेवत नाहीत. आमच्या गावाची, याशची गाडी संध्याकाळी सुटते आणि शनिवारी सकाळी पोचते, आणि शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, आम्ही गाडीत बसत नाही. त्यामुळे मी हॉटेलच्या खोलीतच बसून राहिलो आणि तिकडे तिला मातीत ठेवत होते. संध्याकाळी हॉटेलच्या मालकिणीने मेणबत्त्या लावल्या. ती आमच्यातलीच. तिने विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" शब्बाथच्या दिवशी शोक उघड करायचा नसतो. मी म्हणालो, "आज शब्बाथ आहे." ती समजली. तिने पुन्हा विचारलं नाही, पण माझ्या ताटलीत सूप दोनदा वाढलं. मी ते प्यायलो नाही.

शनिवारी चांदण्या दिसल्यावर गाडी पकडली.

माझं नाव झेलिक फोक्शानर. याशमध्ये माझी पेढी आहे. धान्याचे व्यापारी येतात, जमीनदार येतात, आम्हाला शिव्या देणारे पुढारीसुद्धा मागच्या दाराने येतात. माझा पणजोबा इथल्या स्मशानात आहे, आजोबा आहे, बाप आहे. तरी कायद्याने मी या देशात परका. एकदा मला सरकारातून सांगण्यात आलं की तुमच्या एकट्यासाठी संसदेत ठराव आणू, तुम्हाला नागरिक करून घेऊ. मी विचारलं, "आणि बाकीचे?" ते म्हणाले, "बाकीच्यांचं बघू." घरी येऊन गितलला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "घे ना. मग तू साहेब आणि आम्ही सगळे परके. उद्यापासून टेबलाच्या त्या टोकाला जेवायला बस." मी नाही म्हणून कळवलं. त्यानंतर माझं अर्धं आयुष्य बुखारेस्टच्या गाडीत गेलं. एका मंत्र्याकडून दुसऱ्याकडे जायचं, आमच्या लोकांना इतरांसारखं वागवा हाच अर्ज पुन्हा द्यायचा.

त्या अर्जात बऱ्याच गोष्टी होत्या, पण मला सर्वांत जास्त खुपायची ती शपथ. कोर्टात इतर लोक हात वर करतात आणि खरं बोलेन म्हणतात. ज्यूला तेवढ्यावर सोडत नाहीत. त्याला आमच्या प्रार्थनाघरात, सिनेगॉगमध्ये नेतात, अंगावर कफन घालायला लावतात, काळ्या मेणबत्त्या लावतात, हातात तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, देतात, आणि आमच्या धर्मगुरूकडून, राब्बीकडून, त्याच्या तोंडून वदवून घेतात की मी खोटं बोललो तर मला महारोग होवो, जमीन मला गिळो, माझी मुलंबाळं भीक मागोत. कोर्टाचा कारकून बाजूला उभा राहून बघतो. माझ्या वडिलांनी ती एकदा घेतली होती. ती घेऊन घरी आले, ते जेवलेच नाहीत.

आता शाळेचं सांगतो, कारण सगळं तिथूनच आलं.

सरकारी शाळांनी आमच्या मुलांना बाहेर काढलं तेव्हा मुलग्यांसाठी लोकांनी काहीतरी सोय केली. मुलींचं कुणाच्या मनात आलं नाही. ते गितलच्या मनात आलं. तिने जमीनदार इओर्दाकेला घरी बोलावलं. मोठ्या रस्त्यावर त्याचं एक रिकामं घर होतं. म्हातारा दिलदार होता. गितलने आंबट चेरीचा मुरांबा बशीत दिला, सोबत गार पाणी. त्याने चमचा चाटला आणि म्हणाला, "बाई, असा मुरांबा दर वर्षी पाठवणार असाल तर मुली मोठ्या होईपर्यंत घर तुमचं." आम्ही हात मिळवले. तो शब्दाचा माणूस होता, म्हणून कागद केला नाही. शाळा सुरू झाली. मग म्हातारा वारला आणि पुतण्या आला. म्हणाला, असं काही ठरलंच नव्हतं, घर रिकामं करा.

कोर्टाने सांगितलं, बायकोची साक्ष नवऱ्याच्या कामी येत नाही. म्हाताऱ्याने शब्द दिला होता असं झेलिक फोक्शानरने त्याच्या धर्माच्या शपथेवर सांगितलं तर घर शाळेकडे राहील. नाही सांगितलं तर जाईल.

बुखारेस्टला निघायच्या दिवशी आमचं यावरूनच भांडण झालं.

"घेतो शपथ आणि संपवतो," मी म्हणालो. "अर्ध्या तासाचं काम. खोटं तर बोलायचं नाहीये."

"अंगात काय घालणार?"

"म्हणजे?"

"कपडे कुठले घालणार, ते विचारतेय."

उत्तर तिला ठाऊक होतं. आमच्यात नवरी नवऱ्यासाठी पांढरा झगा शिवते, त्याला किट्टल म्हणतात. लग्नाच्या मांडवात तो घालतात, योम किप्पुरच्या उपासाला घालतात, पेसाख सणाच्या जेवणाला घालतात, आणि शेवटी त्याच झग्यात माणसाला पुरतात. माझा किट्टल गितलने शिवला होता. ती गावच्या दफन मंडळात होती, गावातल्या किती बायकांची कफनं तिने शिवली असतील. त्या शिवणीला गाठ मारत नाहीत. जाणाऱ्याला कुठे अडकायला नको म्हणून.

"तो माझ्या हातचा आहे," ती म्हणाली. "देवासमोर उभं राहायला शिवलाय. त्या कारकुनासमोर नाही. तो सूर्यफुलाच्या बिया सोलत बघत राहणार आणि तू महारोग महारोग म्हणत बसणार?"

"तुझ्या शाळेसाठी गं."

"माझ्यावर ढकलू नकोस. इतकी वर्षं मंत्र्यांच्या दारात घसा कोरडा केलास की ही शपथ नको. आता स्वतःच घेतलीस तर ते म्हणतील, बघा, फोक्शानरने घेतली, काही मेला नाही. मग कोण ऐकणार तुझं?"

"आणि मुली कुठे बसतील?"

"माझ्या स्वयंपाकघरात. तुला जेवायला उशीर होईल, एवढंच."

"तू काही ऐकायची नाहीस."

"घालून तर बघ! सगळ्यांसमोर अंगावरून ओढून काढीन. मग येऊ दे पेपरात, याशच्या मोठ्या सावकाराला बायकोने सिनेगॉगमध्ये उघडा केला."

मला हसू आलं, पण मी हसलो नाही, कारण मी रागावलो होतो. ती दारापर्यंत आली, माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि अंडी-कांद्याचा डबा हातात दिला. म्हणाली, "डबा आठवणीने परत आण. मागचे दोन त्या मंत्र्यांना खायला दिलेस वाटतं."

डबा मी परत आणला.

घरी आलो तेव्हा आरशांवर चादरी टाकल्या होत्या. ब्रानामावशी दाराशी होती. ती दफन मंडळातली सर्वांत म्हातारी, माझ्या आईची मैत्रीण. तिने सांगितलं की गितल शब्बाथच्या पावाचं पीठ मळत होती आणि छातीत कळ आली. मावशी आली तेव्हा तिचे हात पिठाचेच होते. पीठ परातीत फुगून बाहेर आलं होतं, ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आमच्या शोकाच्या रीतीप्रमाणे मी कोटाची कड फाडली, बूट काढले आणि बुटक्या स्टुलावर बसलो. लोक येत होते, बसत होते, जात होते. कुणी काय बोललं ते आठवत नाही. एकच गोष्ट माझ्या डोक्यात पक्की झाली होती. शोकाचे दिवस संपले की लगेच कोर्टाची तारीख होती. गितलचं आता एवढंच राहिलंय, मी स्वतःला सांगत होतो. ती शाळा. ती मी जाऊ देणार नाही. शपथ घेणार. ती असती तर भांडली असती, पण ती नाही.

शोकाच्या शेवटच्या दिवसांत ब्रानामावशी उकडलेली अंडी घेऊन आली आणि उगाच बसून राहिली. ती कधी गप्प बसत नाही. मी म्हणालो, "मावशी, काय झालंय?"

"काही नाही. अंडं खा."

"खाल्लं."

"दुसरं खा." मग म्हणाली, "झेलिक, तुझा किट्टल कुठे असतो रे?"

"गितलच्या कपाटात. खालच्या खणात."

"हां." तिने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला. "गितलने स्वतःचं कफन शिवून ठेवलं असेल म्हणून मी तो खण उघडला, तर त्यात दोन पांढरे झगे होते. एक पुरा होता. दुसऱ्याला एक बाहीच नव्हती. मला वाटलं, गितल गावभर शिवते, कुणाचा तरी अर्धवट राहिलाय. शुक्रवार, सूर्य खाली चाललेला, सगळ्या बायका घाई घाई करतायत. मी पुरा होता तो घेतला."

मी हातातलं दुसरं अंडं बशीत परत ठेवलं.

"गळ्याशी ढिला वाटला. म्हटलं, सुकली असेल बिचारी. बाह्या बोटांच्या पार खाली येत होत्या, त्या दुमडल्या. आणि छातीवर एक डाग होता. तेव्हाही खटकला. काल दुपारी भाजी चिरताना एकदम आठवलं, अगं, हा तर वाईनचा डाग! पेसाखच्या जेवणाला किट्टल घालून वाईन सांडतात ते पुरुष. बायकांच्या कफनावर वाईन कुठून येईल?" तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तुझा झगा घालून पाठवली रे मी तिला."

मला आधी हसू आलं. मग रडू आलं. दोन्ही थांबेना.

"हसतोस काय मेल्या?" मावशी रडता रडता म्हणाली. "उद्या मेलेले सगळे उठतील तेव्हा ती काय सांगणार देवाला, पुरुषाचा झगा कुठून चोरलास म्हणून? राब्बींना विचारून आले, उकरायचं का. ते म्हणाले, झोपलेल्याला उठवू नका. चूक प्रेमाने झालीय."

ती गेल्यावर मी खण उघडला. दुसरा झगा होता, गितलने स्वतःसाठी शिवलेला. उजव्या बाजूला बाही नव्हती. बाही वेगळी कापून घडी करून ठेवलेली होती, तिच्यात सुई टोचलेली.

माझे वकील मावरोदिन भेटायला आले. ख्रिस्ती माणूस, सज्जन. आमच्या लोकांना वकिली करू देत नाहीत, म्हणून मी त्यांना धरलं होतं. त्यांना ही शपथ आवडायची नाही, पण खटला हरणं त्याहून आवडायचं नाही.

"शेठ, तारीख परवा आहे. येताय ना?"

"येतो. पण माझा झगा नाही." मी काय झालं ते सांगितलं.

ते डोक्याला हात लावून बसले. मग म्हणाले, "कायद्यात कफन लिहिलंय. कुणाचं ते लिहिलेलं नाही. दुसऱ्याचं आणू. घर वाचवा, शेठ. बाईंसाठी."

मी हो म्हणालो. बाईंसाठी म्हटल्यावर मला नाही म्हणता येत नव्हतं.

सिनेगॉगमध्ये फार लोक नव्हते. राब्बी होते, सिनेगॉगचा राखणदार होता, पुतण्याचा वकील होता, मावरोदिन होते. ब्रानामावशी वर बायकांच्या जागेत जाळीमागे बसली होती, तिचा खोकला ऐकू येत होता. कारकून तरुण होता, बिया वगैरे सोलत नव्हता. तो जरा घाबरलेलाच दिसत होता. काळ्या मेणबत्त्या पेटवल्या होत्या. राब्बींनी तोरा ठेवतात ते कपाट उघडलं. माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

राखणदाराने त्याचा किट्टल आणला होता. कापराचा वास येत होता. मी उजवा हात बाहीत घातला. तो बुटका माणूस, मी उंच. बाही कोपराच्या जरा खाली येऊन थांबली. माझं मनगट, हात, सगळं उघडं बाहेर. तेव्हा मला गितल दिसली. माझ्या झग्यात, बाह्या बोटांच्या खाली आलेल्या, दुमडलेल्या. ती म्हणाली होती, सगळ्यांसमोर अंगावरून ओढून काढीन.

मी हात बाहेर काढला.

"काय झालं?" मावरोदिन कुजबुजले.

"हा माझा नाही."

"अहो शेठ, कुणाचाही चालतो, मी म्हणालो ना."

"कोर्टाला चालतो. मला नाही चालत. माझा माझ्या बायकोच्या अंगावर आहे."

कारकुनाला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तो नम्रपणे म्हणाला, "मग त्यांच्याकडून मागवून घ्या ना. आम्ही थांबतो."

वर जाळीमागे खोकला थांबला. कारकुनाने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याला कळलं असावं, कारण त्याने टोपी काढली. मग आजूबाजूला पाहिलं, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या होत्या, म्हणून गोंधळून पुन्हा घातली.

मी त्याला म्हणालो, "तुम्ही कोर्टात जशी शपथ घेता तशी मी आत्ता घेतो. हात वर करून. म्हाताऱ्याने शब्द दिला होता. माझ्या घरात, मुरांबा खाताना. तेच खरं आहे."

"तशी तुमच्या लोकांसाठी नाही, साहेब," तो म्हणाला. मुद्दाम टोचायला म्हणाला नाही. त्याला कायदा माहीत होता, एवढंच. "मग काय लिहू?"

"शपथ घेतली नाही, असं लिहा."

त्याने लिहिलं. पुतण्याच्या वकिलाने खुशीत कागद गोळा केले. राब्बींनी तोराचं कपाट बंद केलं आणि काळ्या मेणबत्त्या स्वतः एकेक करून विझवल्या. जाताना माझा फाटका कोट त्यांनी जरा सारखा केला. मावरोदिन बाहेर पायरीवर म्हणाले, "शेठ, तुम्ही खटला हरलात आणि मला राग येत नाहीये. म्हातारा झालो वाटतं."

घर गेलं. मुली आता माझ्या स्वयंपाकघरात बसतात, आणि जागा पुरत नाही म्हणून जेवणाच्या खोलीतही. मला जेवायला उशीर होतो. एक लहान मुलगी रोज विचारते की मोठ्या खिडक्यांच्या घरात आपण परत कधी जाणार. मी सांगतो, माहीत नाही. मी बरोबर केलं का हेही मला माहीत नाही. गितल असती तर तिने सांगितलं असतं, न विचारता.

परवा ब्रानामावशी आली. तिला मी खणातला झगा दाखवला आणि म्हणालो, "माझी वेळ आली की मला हा घाला."

तिने तो माझ्या खांद्याला लावून बघितला. "गुडघ्यापर्यंत येतोय. पाय उघडे राहतील रे."

"राहू देत. ती हसेल."

"हसेल कसली, मला शिव्या घालेल." तिने बाही उचलली, टोचलेली सुई बघितली, आणि पुन्हा खाली ठेवली. "माझ्या डोळ्यांना आता टाका दिसत नाही. आणि दुसऱ्या कुणी केलं तर गितलसारखं होणार नाही. मंडळात विचारते."

मी म्हणालो, विचारा.

अर्जाची पिशवी त्या मंत्र्याकडे गेली की कुणी केरात टाकली, कळलं नाही. मी अर्ज पुन्हा लिहून काढलाय. सोमवारी बुखारेस्टला जायचंय. या वेळी डबा बरोबर नाही. शपथेचा कायदा अजून आहे तसाच आहे. मुलींना घर मिळालेलं नाही. गितलच्या झग्याची उजवी बाही लावायची राहिली आहे.